डब्यांना कान नसतात

माझ्या मावशीने रंगवलेल्या पाट्या वाचत वाचत मी वाचायला शिकले. हे कौतुक म्हणून सांगत नाही, खरंच तसं झालं. लहानपणी सुट्टीत मी तिच्याकडे यायचे, तेव्हा तिच्या घरासमोरच्या रस्त्यावर डाव्या हाताला ‘लाँड्री’, मग ‘चष्मे’, मग ‘येथे किल्ल्या बनवून मिळतील’, आणि उजव्या हाताला ‘दातांचा दवाखाना’. सगळी तिचीच अक्षरं. शाळेच्या पुस्तकात ‘ळ’ यायच्या आधीच मला तो ‘मिळतील’मधून पाठ झाला होता. लोक तिला पेंटरबाई म्हणत. हे काम तिच्या वडिलांचं, म्हणजे माझ्या आजोबांचं. त्यांनी ब्रश खाली ठेवला तो हिने उचलला.

तिची शिरोरेषा बघायला माणसं थांबायची. बाकीचे पेंटर खडू लावलेली दोरी ताणून आधी रेघ आखून घेतात. मावशी दोरी वापरत नसे. श्वास धरायची आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात ब्रश न्यायची. कुणी विचारलं तर म्हणायची, “दोरी कशाला? डोळा आहे की.”

बावीस वर्षं तिने शिडीवर काढली. मग एका सकाळी ‘गादी कारखाना’ अशी लांबलचक पाटी रंगवताना ‘खा’चा काना ओढायला तिने मान वर केली, आणि रस्ता, शिडी, समोरची इमारत, सगळं जात्यासारखं गरगर फिरायला लागलं. तिने डोळे मिटून शिडीला मिठी मारली. हातातला रंगाचा डबा सुटला तो थेट खालून जाणाऱ्या लाँड्रीवाल्यांच्या गठ्ठ्यावर, इस्त्री केलेल्या पांढऱ्या चादरींवर. लाँड्रीवाले भले गृहस्थ. चादरी टाकून त्यांनी शिडी धरली, दोघातिघांना हाका मारून मावशीला एकेक पायरी खाली उतरवली. पुढे कितीतरी वर्षं ते ही गोष्ट सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, “चादरी गेल्या, पण पेंटरबाई राहिल्या.”

कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, “कानाच्या आत अगदी बारीक खडे असतात. ते जागा सोडून भरकटले की मेंदूला वाटतं, जग फिरतंय. जग फिरत नसतं, खडे फिरत असतात.”

“मग खड्यांना सांगा ना,” मावशी म्हणाली.

डॉक्टरांनी तिला एक व्यायाम शिकवला. मान एका बाजूला वळवून आडवं व्हायचं, थांबायचं, मग दुसऱ्या बाजूला. त्याने बरं वाटायचं, पण दोनचार महिन्यांनी खडे पुन्हा हिंडायला निघायचे. मान वर करून काम करायचं नाही, असं बजावल्यावर शिडी संपली. मावशीने बाहेरच्या खोलीत टेबल मांडलं आणि दारावरच्या नावाच्या पाट्या, गाड्यांचे नंबर, दुकानांचे छोटे फलक असं बसल्या जागचं काम सुरू केलं. चक्कर आली की काय करायचं याची तिने स्वतःची पद्धत बसवली होती. लगेच खाली बसायचं. काहीतरी घट्ट धरायचं. एका वस्तूवर नजर रोवायची. तिच्यासाठी ती वस्तू म्हणजे विजेच्या बटणांच्या पाटीवरचा एक स्क्रू. आणि वीस श्वास मोजून होईपर्यंत उठायचं नाही.

घरात याचा एक वेगळाच परिणाम झाला. काका, म्हणजे तिचे यजमान, शाळेत पीटीचे सर. गळ्यात शिट्टी, आवाज मैदानावरचा, मनाने लोण्यासारखे, पण चेष्टेची खोड भारी. मावशी म्हणाली, “आज दूध पातळ वाटतंय,” की काका म्हणायचे, “बस जरा खाली, कान असेल तुझा.” पंखा खडखडतोय म्हणाली, तरी कान. शेजारचे आज गप्प गप्प वाटले म्हणाली, तरी कान. सगळे हसायचे, तीही हसायची. पण अकरा वर्षांत तिला एक सवय लागली. काहीही बोलायच्या आधी ती विचारायची, “खरंच असं आहे, की मलाच वाटतंय?” बावीस वर्षं दोरीशिवाय रेघ मारणारी बाई स्वतःच्या शब्दाला टेकू शोधायला लागली होती. मी तेव्हा कॉलेजसाठी तिच्याकडे राहायला होते, म्हणून हे मला जवळून दिसलं.

आमच्या शहरात भूकंप कधीच झालेला नव्हता. सगळ्यांत म्हातारी माणसंसुद्धा तसं ऐकल्याचं सांगत नव्हती. पूर यायचा, एकदा वादळ आलं होतं, पण जमीन म्हणजे जमीन. तिच्याबद्दल कुणाला शंका नव्हती.

त्या मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला मावशी दाताच्या डॉक्टरांची नवी पाटी करत होती. मी आत भांडी विसळत होते. पायाखाली काहीतरी घरघरलं. मला वाटलं, मोठा ट्रक गेला असेल. मग हलकीशी झोकांडी गेली. मी हात पुसत बाहेरच्या खोलीत गेले, तर मावशी टेबलाचा पाय धरून जमिनीवर बसलेली. पाटीवरची शिरोरेषा निम्म्यापर्यंत सरळ आणि पुढे सापासारखी गेलेली.

“मावशी, फिरतंय का?”

“हो,” ती स्क्रूवरची नजर न काढता म्हणाली. “आज जरा जास्तच आहे. तू जा, होईल बरं.”

“मलाही फिरतंय.”

तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी तिचीच साडी नेसून समोर आले होते. “तुझाही कान?”

तेवढ्यात फळीवरचे रंगाचे डबे एकमेकांवर आपटून किणकिण वाजायला लागले. लाल, पिवळा, काळा, वार्निशचा, सगळे. आम्ही दोघी त्यांच्याकडे बघत राहिलो. चारपाच सेकंद असतील फार तर. मग थांबलं.

“डबे वाजले,” मावशी म्हणाली.

“हो.”

“तू ऐकलेस?”

“ऐकले ना.”

“अगं, डब्यांना कान नसतात!” असं म्हणून ती हसायला लागली. इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. टेबलाचा पाय अजून हातात, पदर रंगाने माखलेला, आणि ही बाई हसतेय. मला आधी भीती वाटली, मग मलाही हसू आवरेना. अकरा वर्षांत पहिल्यांदा जग खरोखर हललं होतं, आणि तिच्याजवळ साक्षीदार होते.

रस्त्यावर सगळी गल्ली जमली होती. दाताचे डॉक्टर हातात आरसा घेऊन, आणि त्यांचा पेशंट तोंडात कापूस, गळ्यात रुमाल, काहीतरी जोरजोरात सांगत होता पण एक अक्षर कळत नव्हतं. लाँड्रीवाल्यांना वाटलं होतं इस्त्रीचा करंट अंगात आला. किल्लीवाला म्हणे, वरच्या मजल्यावरच्यांनी कपाट ओढलं. वरच्या मजल्यावरच्या आजी म्हणे, किल्लीवाल्याने काहीतरी फोडलं. भूकंप हा शब्द उच्चारायला कुणाची जीभ वळेना. शेवटी मावशीच म्हणाली, “जमीन हलली हो. दुसरं काही नाही.” आणि पहिल्यांदाच ‘की मलाच वाटतंय’ असं तिने पुढे जोडलं नाही.

दुपारी बातम्यांत सांगितलं, छोटा भूकंप. काका शाळेतून आले ते चिडूनच. धक्का बसला तेव्हा ते हॉलमध्ये ऐंशी मुलांकडून उड्या मारून घेत होते. जमीन थरथरली तर त्यांना वाटलं, मुलंच. ते ओरडले होते, “हळू उड्या मारा रे, पाडता का शाळा?”

दोन दिवसांनी भूकंपाचा अभ्यास करणारी माणसं आली. एक उंच बाई आणि त्यांच्याबरोबर यंत्राची पेटी सांभाळणारे एक गृहस्थ. पाण्याच्या टाकीखालच्या खोलीत त्यांनी ती पेटी ठेवली. त्या बाईंनी लोकांना नीट समजावलं, “खूप खोल कुठेतरी एक जुनी चीर आहे, ती हळूहळू बसतेय. असे छोटे धक्के काही आठवडे येतील. मोठा येईल असं दिसत नाही, पण तशी हमी कुणीच देऊ शकत नाही. उंचावरच्या जड वस्तू खाली ठेवा. लटकणारं काही असेल ते घट्ट बांधा. आणि हललं की धावत सुटू नका, टेबलाखाली बसा.”

लोकांनी वस्तू खाली ठेवल्या, बांधाबांध केली, आणि शेवटची सूचना साफ विसरले. पुढचा धक्का आला तेव्हा अख्खी गल्ली जिन्यावरून धावत सुटली. धक्क्याने कुणाला काही झालं नाही. जिन्यावरच्या गर्दीत मात्र किल्लीवाल्याचा घोटा मुरगळला.

काकांना तो दुसरा धक्काही कळला नाही, कारण ते सायकलवर होते. तिसरा पहाटे आला, तेव्हा ते घोरत होते. चौथ्याला ते केशकर्तनालयात खुर्चीवर बसले होते आणि डोक्यावर मालिशचं मशीन चालू होतं. त्या दिवशी त्यांचा धीर सुटला.

“तुम्ही सगळे मिळून माझी चेष्टा करताय,” ते जेवताना म्हणाले. “असं कसं, की मलाच कळत नाही?”

मावशीने त्यांच्या ताटात वाढता वाढता शांतपणे सांगितलं, “अहो, कान असेल तुमचा.”

काकांचा घास हातातच राहिला. मग ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. पण त्या दिवसानंतर त्यांच्या तोंडून कानाचा विनोद मी पुन्हा ऐकला नाही.

धक्के छोटेच होते, पण धक्क्यांच्या मधल्या वेळेने लोकांना बेजार केलं. काही होत नसताना हलल्यासारखं वाटायचं. चार माणसं बोलत असली की एक मधेच थांबून म्हणायचा, “आत्ता झाला का?” दोघं म्हणायचे झाला, एक म्हणायचा नाही, आणि भांडण जुंपायचं. लाँड्रीवाल्यांच्या बायकोला तर जेवण जाईना. ती मावशीकडे आली आणि रडकुंडीला येऊन म्हणाली, “पेंटरबाई, माझं डोकं फिरलंय का हो?”

मावशीने तिला टेबलाशी बसवलं आणि समोर काठोकाठ पाणी भरलेला काचेचा पेला ठेवला. “आत्ता हलल्यासारखं वाटतंय?”

“हो, वाटतंय.”

“पाणी बघा. हलतंय?”

“नाही.”

“मग हे तुमचं एकटीचं. पाणी हललं तर ते सगळ्यांचं. तुमचं असेल तर घाबरायचं नाही, ते येतं तसं जातं. माझं अकरा वर्षं येतंजातंय, मी काही वाहून गेले नाही.” मग तिने आपली पद्धत शिकवली. खाली बसा, धरा, एका वस्तूकडे बघा, वीस श्वास. लाँड्रीवालीने वीस श्वास मोजले आणि बाराव्यालाच तिला भूक लागली.

ही बातमी लाँड्रीतून निघाली ती कपड्यांबरोबर घरोघर पोचली. दुसऱ्या दिवशी दोघी आल्या, तिसऱ्या दिवशी पाच जण. दाताच्या डॉक्टरांनी आपल्याकडचं एक बाकडं पाठवून दिलं, कारण पेशंटांच्या तोंडात हात घालायची त्यांनाच भीती वाटत होती. मावशी एका हाताने पाट्या रंगवायची आणि तोंडाने श्वास मोजून घ्यायची. “सोळा... डोळे इकडे नको, खिळ्याकडे... सतरा...”

एका संध्याकाळी कानाचे डॉक्टर स्वतः आले. इकडचं तिकडचं बोलले, भिंतीवरच्या पाट्यांचं कौतुक केलं, बाकड्यावर बसले. मावशी हातातली पाटी रंगवत राहिली. शेवटी तेच म्हणाले, “आत्ता काही झालं का हो?”

“नाही.”

“मला वाटलं झालं.”

“कधीपासून वाटतंय?”

“गुरुवारपासून.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “सगळं पुस्तकातलं मला माहीत आहे, पेंटरबाई. कशामुळे होतं तेही माहीत आहे. पण रात्री कूस बदलली की पलंग धरून ठेवतो.”

मावशीने पेला त्यांच्यासमोर सरकवला. वीस श्वास झाल्यावर डॉक्टर हळूच म्हणाले, “हे मी तुम्हाला अकरा वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं. खड्यांचं सांगितलं, धीराचं राहून गेलं.”

“तेव्हा तुम्हाला फिरत नव्हतं,” मावशी म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. तिला खरंच त्यांची दया आली होती.

मग काकांनी शाळेत गोष्ट काढली. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, मावशीला मुलांना शिकवायला बोलावलं. मावशी आयुष्यात कधी चार माणसांसमोर उभी राहून बोलली नव्हती. जाताना रिक्षात ती मला तीनदा म्हणाली, “मी काय सांगणार? मी सातवीपर्यंत शिकलेली.” वर्गात चाळीस मुलं, मागे मोठ्या बाई आणि दाराशी काका, गळ्यात शिट्टी, चेहऱ्यावर असा अभिमान की जणू बायको पदक घ्यायला आलीय.

मावशीने पदर खोचला. मग ती म्हणाली, “मला बोलता येत नाही. करून दाखवते,” आणि सरळ शिक्षकांच्या टेबलाखाली जाऊन बसली. मुलं खदखदून हसली. टेबलाखालूनच तिचा आवाज आला, “हसून झालं की तुम्हीही बसा. एका हाताने बाकाचा पाय धरा, दुसरा डोक्यावर. आता प्रत्येकाने आपली एक वस्तू निवडा. जी आवडेल ती. नजर तिथेच. मोजा, एक...”

मुलं सातापर्यंत आली असतील, तेव्हा खालून ती घरघर आली.

आतापर्यंतच्या सगळ्या धक्क्यांत हा मोठा होता. खिडक्यांची तावदानं खडखडली, कपाटाचं दार उघडून पुस्तकं धडाधड खाली आली, फळा एका बाजूने निसटून तिरका लोंबायला लागला. दोनतीन मुलं किंचाळली. मोठ्या बाई भिंतीला पाठ लावून उभ्या. मी बाकाखाली डोकं घातलं तेव्हा मला दिसलं, की काका दाराच्या चौकटीत तसेच उभे आहेत. हात शिट्टीकडे गेलेला, पण शिट्टी तोंडापर्यंत पोचेना.

“आठ,” मावशी टेबलाखालून मोठ्याने म्हणाली. एवढा मोठा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. “नऊ. नजर सोडायची नाही कुणी. दहा. अहो! बसा खाली! इकडे या, माझ्याजवळ!”

काका रांगत रांगत आले. एवढा दांडगा माणूस त्या टेबलाखाली मावेना, त्यांचे गुडघे बाहेर राहिले. मावशीने त्यांचा हात टेबलाच्या पायावर ठेवला आणि वर आपला ठेवला. “माझ्याकडे बघा. अकरा.”

“अकरा,” काका म्हणाले. चाळीस मुलं म्हणाली, “बारा.”

पंधराला जमीन थांबली होती, पण मावशीने वीस पुरे करून घेतले. कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं. मुलं बाहेर आली आणि एकच गलका सुरू झाला, कुणी काय बघत होतं त्याचा. एक मुलगी म्हणाली, “मी सरांचे गुडघे बघत होते.” मोठ्या बाईंनी मावशीचे दोन्ही हात हातात घेतले, पण त्यांना आधी खुर्ची द्यावी लागली.

घरी परतताना काका रिक्षात मावशीशेजारी बसले. मग म्हणाले, “असं वाटतं होय?”

“असंच,” मावशी म्हणाली.

“आणि तू शिडीवर होतीस.”

“हो.”

“मी कधी विचारलंच नाही गं.”

मावशी रिक्षाबाहेर बघत म्हणाली, “आता विचारलंत ना.” काकांनी तिची पिशवी घरापर्यंत आपल्याच मांडीवर धरली होती.

त्यानंतर धक्के लहान लहान होत गेले आणि सहाव्या आठवड्यात बंद झाले. उंच बाई आपली पेटी घेऊन निघून गेल्या. काका आपल्या एकुलत्या एक भूकंपाचं वर्णन ज्याला त्याला ऐकवू लागले, आणि दर वेळी तो थोडा थोडा मोठा होत गेला. शाळेने फळा पुन्हा नीट बसवला. दाताच्या डॉक्टरांची पाटी मावशीने पुसून नव्याने करून दिली. त्यांना ती वाकडी रेघच आठवण म्हणून हवी होती, पण मावशीने ऐकलं नाही. “आठवण तुमच्या घरात ठेवा. दारावर माझं काम दिसतं,” म्हणाली.

कानाच्या डॉक्टरांनी मात्र तिला सोडलं नाही. मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी दोन तास, ती त्यांच्या दवाखान्यात बसू लागली. डॉक्टर तपासायचे, औषध द्यायचे, व्यायाम लिहून द्यायचे, आणि मग म्हणायचे, “पलीकडच्या खोलीत जा. तिथल्या बाई बाकीचं सांगतील.” ती खोली लहानशी होती. एक खाट, दोन खुर्च्या, खिडकीला निळा पडदा.

मी कॉलेज संपवून गावी परत जायच्या आधी एकदा तिला तिथे भेटायला गेले होते. समोर एक बस चालवणारी बाई बसली होती. गणवेश अंगात, टोपी हातात चुरगाळलेली. ती सांगत होती, “तीन महिने झाले. घरी सांगितलं तर म्हणतात, दमली असशील. डेपोत सांगितलं तर म्हणतात, सुट्टी हवी असेल. आता मलाच कळेनासं झालंय, की खरं होतं की मी उगाच...”

मावशीने तिचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. खुर्ची जवळ ओढली.

“खरंच होतं,” ती म्हणाली. “मला सांगा, कूस कुठल्या अंगावर वळवली की फिरतं? उजव्या की डाव्या?”